दहा माणसं जमली पाहिजेत : कोकणातल्या बेने इस्रायलींची कीर्तनं, वर्गण्या आणि सिनेमे

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे.

उन्हाळा लागला की आपल्याकडे दोन गोष्टी ठरलेल्या. मुंबईकर गावाला येतात आणि ठिकठिकाणी व्याख्यानमालांचे बोर्ड लागतात. पुण्यातली वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, तिचं अनुकरण पुढे महाराष्ट्रभर झालं. भाषण ऐकायचं, नंतर चहा घेत त्यावर वाद घालायचा आणि जाताना वर्गणीच्या डब्यात काहीतरी टाकायचं. ही आपली जुनी सवय.

त्याच १८७५ साली मुंबईत हाईम सॅम्युएल केहिमकर नावाच्या गृहस्थांनी आपल्या समाजातल्या मुलांसाठी शाळा काढली. केहिमकर म्हणजे किहीमचे. होय, आपल्या अलिबाग तालुक्यातलं किहीम, जिथे आज शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या लागतात. केहिमकर बेने इस्रायली होते, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू. आजची पोस्ट त्यांच्या समाजाबद्दल आहे. हा समाज शतकभर कसा जमत राहिला, जमण्यासाठी त्याने काय काय केलं आणि आता ते जमणं थांबत आलंय तेव्हा आपलं काय जातंय, त्याबद्दल.

शनवार तेली

नव्या वाचकांसाठी थोडक्यात. बेने इस्रायलींची परंपरा सांगते की, फार पूर्वी नवगावच्या किनाऱ्याजवळ एक जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, त्यांच्यापासून हा समाज वाढला. बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं, असं मानतात. तिथे त्यांचं जुनं दफनस्थान आणि स्मारक आहे. हे नेमकं कोणत्या शतकात घडलं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. गंमत म्हणजे चित्पावनांच्या मूळकथेतही समुद्रातून आलेले चौदा देह आहेत. कोकण किनाऱ्यानेच दोघांना गोष्ट सांगायची रीत शिकवली असावी.

या लोकांनी गावोगावी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरले, पण शनिवार विसरले नाहीत. मुलांची सुंता आठव्या दिवशी करायची विसरले नाहीत. 'शेमा' ही मूळ प्रार्थना विसरले नाहीत. बाकी सगळं आपल्यासारखं झालं. आडनावं गावांवरून : केहिमकर, पेणकर, दिवेकर, राजपूरकर, नवगावकर, रोहेकर. बायका नऊवारी नेसायच्या, लग्नात मेंदी आणि हळद. उन्हाळ्यात पेसाखचा सण आला की घरातलं आंबवणाचं भांडं झाकून ठेवायचं, कारण त्या आठवड्यात आंबवलेलं काही चालत नाही. पुढे जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा उपास यायचा, तो वालाच्या बिरड्याने सोडायचा. म्हणून त्या दिवसाचं नावच बिरड्यावरून पडलं. जेरुसलेमचं दुःख आणि रायगडचे वाल एकाच पानात!

दहाचा हिशेब

ज्यू धर्मात एक नियम आहे. सार्वजनिक प्रार्थना पूर्ण रीतीने व्हायची तर किमान दहा प्रौढ पुरुष हजर पाहिजेत. त्याला मिनियान म्हणतात. कितीही सुंदर इमारत असो, नऊ जण असतील तर काही प्रार्थना म्हणताच येत नाहीत. परंपरेत दहा पुरुष मोजतात. आता काही सुधारणावादी पंथ बायकांनाही मोजतात.

म्हणजे 'जमणं' हा या समाजाच्या धर्माचाच भाग आहे. आणि जमायचं म्हटलं की जागा लागते, जागेला पैसा लागतो.

मुंबईतलं बेने इस्रायलींचं पहिलं सिनेगॉग १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलं. सामाजी कंपनी सरकारच्या फौजेत होते, टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि देऊळ बांधायचा नवस फेडला, अशी कथा आहे. बेने इस्रायली आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणायचे आणि मस्जिद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं, असं सांगतात. मग कोकणात एकामागून एक सिनेगॉग उभी राहिली. रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३, ठाणे १८७९. अलिबागच्या इस्रायल आळीतली आजची वास्तू १९१० ची आहे.

यातलं पुण्याचं लाल देऊळ किंवा काळा घोड्याचं निळं सिनेगॉग नाही, हे लक्षात घ्या. ती ससून घराण्याची कामं. ससून बगदादी ज्यू, बडे व्यापारी. आपल्या कोकणातल्या वास्तूंमागे तेली, सुतार, गवंडी, पलटणीतले सुभेदार, पुढे रेल्वे आणि पोस्टातले कारकून असे लोक होते.

कारभाराची पदंही ऐका. प्रमुखाला मुकादम, त्याच्या मदतीला चौगुले, हिशेब ठेवणारा गबई. गबई शब्द हिब्रू, बाकी दोन आपल्या गावगाड्यातले. पैसे जमवायची रीतही ओळखीची. सणाच्या दिवशी धर्मग्रंथाची पेटी कोणी उघडायची, ग्रंथाची गुंडाळी कोणी उचलायची, या मानासाठी लिलाव व्हायचा, मराठीत बोली लागायची. जास्त बोलीवाल्याला मान आणि पैसे देवळाला. पालखीच्या मानाचा लिलाव ज्याने पाहिलाय त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको.

हार्मोनियमवर मोशेची कथा

आता मला सर्वात आवडणारा भाग.

१८८० साली मुंबईत काही बेने इस्रायली मंडळींनी कीर्तनोत्तेजक मंडळ काढलं. कीर्तन म्हणजे आपलंच कीर्तन. उभा कीर्तनकार, साथीला वाद्यं, मध्येच गाणं, मध्येच निरूपण. साकी, दिंडी, ओवी, आर्या, सगळे प्रकार. पण आख्यान मात्र आब्राहामचं, योसेफचं, मोशेचं, एस्तेर राणीचं, एलिया संदेष्ट्याचं.

हे का करावं लागलं? कारण समाजातल्या बहुतेकांना हिब्रू येत नव्हतं. धर्मग्रंथातल्या गोष्टी मराठीतून सांगितल्या तरच बायका-पोरांपर्यंत पोचणार. रात्री कीर्तनाला बसायची सवय तर सगळ्या महाराष्ट्राला होतीच. ती त्यांनी उचलली.

याला एक पार्श्वभूमी आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी बायबलच्या जुन्या कराराचं मराठी भाषांतर केलं होतं. डॉ. जॉन विल्सन यांनी तर १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू अर्थातच धर्मांतराचा. झालं उलटंच. बेने इस्रायलींनी शाळा घेतली, भाषा घेतली, पुस्तकं घेतली आणि आपल्याच धर्मात जास्त पक्के झाले. ख्रिस्ती फार थोडे झाले. पुढे त्यांचेच पंडित कामाला लागले. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. १८७४ साली पुण्यात पेसाखच्या विधीचं मराठीसह सचित्र पुस्तक छापलं गेलं, त्यातल्या चित्रात सणाची बेखमिरी भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. जगभरच्या ग्रंथसंग्राहकांना त्या चित्राचं अप्रूप आहे. आपल्या जिल्ह्यात किती जणांनी ते पाहिलंय?

या कीर्तनांच्या पुस्तिका छापल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत कीर्तनं होत राहिली. पुढे समाज पांगला आणि परंपरा क्षीण झाली. आता काही अभ्यासक आणि समाजातल्या काही बायका ती गाणी पुन्हा जमवतायत.

सभा, वाद आणि वर्गणी

केहिमकरांची शाळा चालली ती देणग्यांवर. लंडनच्या अँग्लो-ज्युइश असोसिएशनची मदत यायची. पुढे हाँगकाँग-शांघायचे धनिक सर एली कदूरी यांनी मोठी देणगी दिली आणि शाळेला त्यांचं नाव लागलं. रिबेका रूबेन या विदुषी १९२२ पासून जवळपास तीन दशकं तिथे मुख्याध्यापिका होत्या. एका बाईच्या हाती हायस्कूलचा कारभार, त्या काळात!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बायकांचं स्त्री मंडळ निघालं. १९१७ साली बेने इस्रायल परिषद भरली. शिक्षण, गरिबांना मदत, समाजाची एकी असे विषय होते. आणि जिथे चार मराठी माणसं जमतात तिथे होतं तेच झालं, फूट पडली! राजकारणापासून लांब राहायचं की स्वराज्याच्या चळवळीबरोबर जायचं, यावर दोन गट झाले. दोघांच्या संस्था वेगळ्या, नियतकालिकं वेगळी. डेव्हिड एरुळकर हे बॅरिस्टर राष्ट्रीय विचारांच्या बाजूचे. १९१६ च्या खटल्यात लोकमान्य टिळकांच्या बचावासाठी जीनांबरोबर जे वकील उभे होते, त्यांत एरुळकर होते. त्यांचे भाऊ डॉ. अब्राहम एरुळकर गांधीजींच्या उपवासात त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांपैकी एक. या डॉक्टरांची मुलगी लीला पुढे सायप्रसच्या राष्ट्राध्यक्षांची पत्नी झाली. महालक्ष्मीहून वरळीकडे जाताना डॉ. ई. मोझेस रोड लागतो ना? ते डॉ. एलिजा मोझेस, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर, बेने इस्रायली.

१९२५ साली डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने मुंबईत ज्युइश रिलिजियस युनियन सुरू झाली. उदारमतवादी विचारांची, धर्माकडे डोळसपणे बघणारी संस्था. डॉ. झिराड म्हणजे कामा हॉस्पिटलच्या नामवंत स्त्रीरोगतज्ज्ञ, १९६६ च्या पद्मश्री. आडनाव ओळखीचं वाटतंय? झिराड आपल्याच तालुक्यात आहे.

१९३४ साली हिटलरच्या छळातून पळून येणाऱ्यांसाठी मुंबईत ज्युइश रिलीफ असोसिएशन उभी राहिली. त्याच वर्षी मुंबईत उतरलेल्यांपैकी एक होता संगीतकार वॉल्टर कॉफमन. आकाशवाणीची सकाळची ती सुरुवातीची धून आठवते? तिचं श्रेय त्याला दिलं जातं.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १८९७ साली बासेलला पहिली झायनिस्ट परिषद भरली. बेने इस्रायलींनाही निमंत्रण होतं. त्यांनी ते नाकारलं. आपल्या लोकांचं परत जाणं देवाच्या हातून होईल, माणसाच्या खटपटीने नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढच्या पन्नास वर्षांत मतं बदलली, प्रचारक आले, निधी गोळा झाले, तरुण तिकडे ओढले गेले. पण सुरुवात नकाराने झाली होती, हे विसरू नये.

पडद्यावरचे पेणकर आणि चेऊलकर

सिनेमाबद्दल बोलल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

मूकपटांच्या काळात 'चांगल्या घरातल्या' बायका कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हत्या. तेव्हा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुली पुढे आल्या. रूबी मायर्स झाल्या 'सुलोचना', मूकपटांच्या सर्वात मोठ्या नायिका. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांचा. बेने इस्रायली घरातल्या सुझन सॉलोमन झाल्या 'फिरोझा बेगम'. एस्थर अब्राहम म्हणजे 'प्रमिला', १९४७ च्या पहिल्या मिस इंडिया. फ्लॉरेन्स एझिकेल म्हणजे 'श्री ४२०' मधली नादिरा. नावं बदलली म्हणून प्रेक्षकांना कळलं नाही, आणि कळलं असतं तरी तिकीट काढणाऱ्याला फरक पडला नसता.

१४ मार्च १९३१ ला गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये 'आलम आरा' लागला, हिंदुस्थानचा पहिला बोलपट. तो ज्या नाटकावरून घेतला त्याचे लेखक जोसेफ डेव्हिड पेणकर. म्हणजे आपल्या बोलपटाच्या पहिल्या शब्दामागे एक पेणकर आहे. पेणचं नाव घेतलं की आपण गणपती म्हणतो, आणि बरोबरच आहे. पण हेही सांगत जा.

आणि डेव्हिड! 'बूट पॉलिश' (१९५४) मधले जॉनचाचा. त्या भूमिकेला फिल्मफेअर मिळालं. या नटाचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे चौल. रेवदंड्याच्या शेजारचं आपलं चौल. या सगळ्यांवर २०१७ मध्ये 'शालोम बॉलिवुड' नावाचा माहितीपट निघाला. तो बनवला डॅनी बेन-मोशे यांनी, ऑस्ट्रेलियात राहून.

मग दहा कमी पडू लागले

१९५० च्या आसपास भारतात वीस हजारांच्या घरात बेने इस्रायली होते. १९४८ नंतर माणसं इस्रायलला जाऊ लागली. इथे कोणी छळ केला म्हणून नाही, हे ते स्वतःच सांगतात. कोणी धर्माच्या ओढीने गेलं, कोणी नोकरीसाठी, कोणी भाऊ गेला म्हणून गेलं.

तिथे सगळं सरळ नव्हतं. इथे असतानाच काही बगदादी ज्यू त्यांना मिनियानमध्ये मोजायला तयार नसायचे. तिकडे गेल्यावर साठच्या दशकात धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांवर शंका घेतल्या, पिढ्यान्‌पिढ्यांच्या चौकशा लावल्या. बेने इस्रायली रस्त्यावर उतरले, धरणं धरली. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेला ठराव करावा लागला की, हे सर्व बाबतीत पूर्ण ज्यू आहेत. जी माणसं शनिवार विसरली नव्हती, त्यांना पुरावा मागितला गेला होता.

तिकडे गेल्यावरही त्यांनी मराठी सोडली नाही. 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक तिथून निघालं. मलिदा तिथेही होतो. मलिदा म्हणजे एलियाहू हनाबीच्या नावाने गोड पोहे, खोबरं आणि फळांचं ताट. नवस बोलायला आणि फेडायला. त्या एलियाच्या रथाच्या खुणा अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आहेत, अशी श्रद्धा आहे. आजही लोक तिथे दर्शनाला येतात.

आज भारतात ज्यू काही हजारच उरलेत, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्यात. कोकणातल्या छोट्या सिनेगॉगांत दहा माणसं जमवायची तर मुंबईहून लोक येण्याची वाट बघावी लागते. २००८ च्या नरिमन हाऊसच्या हल्ल्यानंतर सिनेगॉगांभोवती बंदोबस्त आला. तो गरजेचा आहे. पण त्यामुळे शेजारचा पोरगा सहज डोकावून 'काका, आज काय आहे?' विचारायचा, तेही कमी झालं. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. चांगलं झालं. पण सरकारी दर्जाने दहावा माणूस मिळत नाही.

आता मागणं

गेली काही वर्षं मी पाहतोय. पश्चिम आशियात काही पेटलं की इकडे एखाद्या सिनेगॉगच्या फोटोखाली कमेंटी सुरू होतात. एक गट शिव्या देतो, दुसरा गट जयजयकार करतो. दोघांनाही त्या आळीत कोण राहतं ते माहीत नसतं. गाझात जे होतं त्यावर तुमचं काय मत असायचं ते असो, जरूर मांडा. पण त्याचा जाब अलिबागच्या म्हाताऱ्या आजीला विचारू नका. आणि तिला कोणाच्या बाजूचा झेंडाही करू नका. ती आपल्या गावची आहे, एवढं पुरेसं आहे.

आणि दुसरं, नुसतं 'हेरिटेज' म्हणून सेल्फी काढून भागणार नाही. इमारतीचा जीर्णोद्धार पैसे असले की होतो, काळा घोड्याच्या सिनेगॉगचा २०१९ मध्ये झालाच. पण जमणं बंद पडलं की ते पैशाने परत येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं :

१) आपल्या तालुक्यांतल्या व्याख्यानमालांनी येत्या उन्हाळ्यात एक संध्याकाळ या विषयाला द्यावी. वक्ता समाजातलाच असावा. आपण त्यांच्याबद्दल बोलण्यापेक्षा त्यांचं ऐकू.

२) दुसऱ्या दिवशी 'बूट पॉलिश' दाखवा. 'आलम आरा'ची प्रत आज कुठेच उरलेली नाही, ती गेली. डेव्हिड चेऊलकर मात्र अजून बघता येतात. चौलच्या पोरांना कळू दे आपल्या गावचं नाव कुठे गेलं होतं.

३) जमल्यास एक बेने इस्रायली कीर्तन ठेवा. आपल्या भजनी मंडळांना साकी-दिंडी येतेच. पुस्तिका शोधायला ग्रंथालयांनी मदत करावी.

४) डबा फिरवा. पण पैसे कशाला हवेत ते आधी त्यांच्या विश्वस्तांना विचारा. नवगावचं कुंपण असेल, छप्पर असेल, जुनी कागदपत्रं नीट करणं असेल. ठरवणार ते, हिशेब जाहीर होणार सगळ्यांसमोर.

५) तुमच्या घरी जुने फोटो, लग्नपत्रिका, कीर्तनाच्या पुस्तिका, शाळेचे ग्रुप फोटो असतील, शेजारच्या बेने इस्रायली कुटुंबाची आठवण असेल, तर लिहून ठेवा. कमेंटमध्ये लिहा, पण हयात माणसांची नावं-पत्ते त्यांना विचारल्याशिवाय टाकू नका.

प्रार्थनेला लागणारे दहा जण त्यांचे त्यांनाच जमवावे लागतील. तिथे आपण मोजले जाणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण कीर्तन ऐकायला, भाषणाला बसायला, सिनेमा बघायला आणि वर्गणी द्यायला कोणीही चालतं. तेवढं आपल्या हातात आहे.

व्याख्यानमालांच्या कार्यकर्त्यांना ही पोस्ट पाठवा. पुढच्या वर्षीचे विषय ठरायच्या आत.